ओळख नसलेल्यासाठी

गरिबाला उपचार मिळावेत म्हणून मी जे करते, त्याने त्याचा हक्क पक्का होतो की माझ्यावरची त्याची भिस्त वाढते? शिक्षिकेची नोकरी संपल्यावर सह्याद्रीच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्यात मी आरोग्याच्या कामात पडले. गाव आरोग्य समित्यांच्या बैठकांना बसले, जनसुनवायांची तयारी केली, पाड्यांवरच्या बायकांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओट्यावर ताटकळले. "बाई होत्या म्हणून झालं," असं लोक म्हणतात. ते ऐकून मला बरं वाटतं, हेही खरं. पण बाई होत्या म्हणून झालं असेल, तर ज्या पाड्यावर बाई पोचल्या नाहीत तिथे काय झालं, हे विचारल्याशिवाय आता मला पुढे जाता येत नाही.

या कामाचं मूळ मला फार मोलाचं वाटतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून २००७ साली लोकाधारित देखरेखीचं काम सुरू झालं, महाराष्ट्रात आधी पाच जिल्ह्यांत: नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे. पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे राज्याच्या समन्वयाची जबाबदारी होती आणि जागोजागच्या लोकसंघटना त्यात उतरल्या. पद्धत साधी होती. गावातल्या लोकांनी एकत्र बसून आपल्याला मिळणाऱ्या सेवेचा तक्ता भरायचा. नर्सताई ठरल्या दिवशी येते का? गरोदर बाईचा रक्तदाब तपासतात का? औषध बाहेरून आणायला चिठ्ठी देतात का? कुणी पैसे मागितले का? सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. जिला अक्षर वाचता येत नाही तिलाही त्या तक्त्यावर बोट ठेवून सांगता यायचं, की हे लाल आहे आणि का लाल आहे ते मी सांगते. त्यानंतर जनसुनवाई. अधिकारी समोर बसायचे आणि ज्यांनी सोसलं त्यांनीच बोलायचं. आयुष्यात कधी माइक हातात न धरलेली बाई बाळंतपणात आपल्याकडून किती पैसे घेतले ते भर सभेत सांगते आणि सभा गप्प होऊन ऐकते, हे मी पाहिलं आहे. पुढच्या महिन्यात औषधांची यादी केंद्राच्या भिंतीवर लागलेली पाहिली आहे, कुलूपबंद उपकेंद्र उघडलेलं पाहिलं आहे. या कामावरचा माझा विश्वास ढळलेला नाही. तपासायचं आहे ते त्या कामातलं माझं वागणं.

जनसुनवाईत आम्ही सर्वांत चढ्या आवाजात कुणाशी बोललो? उपकेंद्राच्या नर्सशी. सपाटीवर ५,००० लोकांमागे आणि डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असावं, असा निकष आहे. निकषात लोकसंख्या मोजतात. ओढे, घाट आणि पावसाळ्यात तुटणारे पाडे मोजत नाहीत. ती नर्स लसीच्या पेट्या घेऊन चढण चढते, नोंदवह्या भरते, रात्री रेंज मिळेल तिथे उभी राहून तीच माहिती मोबाइलवर पुन्हा भरते. राहायच्या खोलीला पाणी नसतं. औषधं कधी खरेदी व्हायची, रिकामी पदं कधी भरायची, यातलं काहीही तिच्या हातात नसतं. ज्यांच्या हातात असतं ते जनसुनवाईला क्वचितच येतात. म्हणजे माझं धैर्य जी समोर बसली आहे आणि उलट बोलू शकत नाही तिच्यापुढे जास्त चाललं. तिची हयगय झाली असेल तिथे बोलायलाच हवं होतं. पण सहकार्याची भाषा करणाऱ्या आमच्यापैकी कुणी तिच्या सेवेचाही एक तक्ता का भरला नाही? तिला खोली आहे का, पाणी आहे का, रजेवर गेली तर बदली माणूस आहे का? तो तक्ताही गावाने भरला असता, तर ती गावाच्या बाजूने उभी राहिली असती.

मला सर्वांत जास्त छळतो तो फोन. रात्री-अपरात्री येतो. कुणाला साप चावलेला असतो, कुणी बाळंतीण अडलेली असते. रस्ता असेल तिथे १०८ची गाडी येते, नसेल तिथे आजही झोळी करून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर भूलतज्ज्ञ नसतो, कधी रक्त नसतं, आणि "पुढे न्या" असं सांगितलं जातं. पुढे म्हणजे जिल्ह्याला, तिथून आणखी पुढे म्हणजे शहरात. त्या वाटेवर कुठेतरी मला फोन होतो आणि मी माझ्या ओळखीच्या माणसाला फोन करते. कुणी माझा जुना विद्यार्थी असतो, कुणी त्याचा मित्र. खाट मिळते. माणूस वाचतो. त्या क्षणी मी दुसरं काय करायला हवं होतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच उत्तर आहे: हेच, आणि पुन्हा वेळ आली तरी हेच.

पण ती खाट रिकामी होती, तर फोनशिवाय का मिळाली नाही? आणि रिकामी नव्हती, तर ती कुणाची होती? त्याच दारात कुणीतरी दुसरा माणूस आपल्या बापाला घेऊन उभा असेल, ज्याच्या मोबाइलमध्ये कुणाचाच नंबर नव्हता. मी त्याला पाहिलेलं नाही. तो माझ्या तालुक्यातला नव्हता, माझ्या यादीतला नव्हता. माझ्या फोनने एक माणूस पुढे गेला तेव्हा तो एक पायरी मागे सरकला का, हे मला कधीच कळणार नाही. ओळखीने दार उघडतं हा आपल्या समाजाचा जुना नियम आहे. शाळेत, कचेरीत, दवाखान्यात आपण तो इतका मुरवून घेतला आहे की ज्याच्या ओळखी जास्त तो माणूस जास्त उपयोगी, असं आपण मनापासून मानतो. माझ्या प्रत्येक यशस्वी फोनने तो नियम थोडा अधिक घट्ट होतो. आणि मी त्या नियमाविरुद्ध काम करते असं सगळ्यांना सांगते.

२०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हा नियम महाराष्ट्रातल्या सुस्थित माणसांवरही उलटला. ऑक्सिजनच्या खाटेसाठी, रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी प्राध्यापक, व्यापारी, वकील सगळे फोन लावत होते. ज्यांच्या ओळखी मंत्रालयापर्यंत होत्या त्यांचेही फोन उचलले जात नव्हते. पैसे हातात असून दारं बंद, हा अनुभव माझ्या वर्गाला तोवर नव्हता. डोंगरातल्या कातकरी कुटुंबाला तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या आठवड्यांत आम्ही बोलत होतो, की आता सरकारी आरोग्यव्यवस्था बळकट झालीच पाहिजे, यापुढे गप्प बसायचं नाही. लाट ओसरली आणि आमच्या घराघरांतून जो निर्णय झाला तो आरोग्य विम्याची रक्कम वाढवण्याचा. माझ्याही घरात तोच झाला.

ज्या गोष्टी कायद्यानेच मिळायला हव्यात त्यांच्या बाबतीतही असंच आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या, असं बंधन विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ ककने आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ साली त्याची योजना ठरली. रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत वेगळी काढायची असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्या रुग्णालयांत आरोग्यमित्राची खिडकी असते. हे सगळं मला पाठ आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून कसा काढायचा, कोणत्या रेशनकार्डावर काय मिळतं, समाजसेवा अधीक्षकाला कुठे भेटायचं, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पाड्यावरच्या किती जणींना ते सांगता येईल? मी सांगितलंच नाही असं नाही. शिबिरं घेतली, पत्रकं वाटली. पण वेळ पडली की मीच गेले, कारण मी गेले की लवकर होतं. लवकर होणं रुग्णाच्या हिताचं असतं, आणि तेवढ्यामुळेच दर वेळी ती माहिती माझ्या पिशवीत राहून गेली. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक समाज. त्यातल्या अनेकांकडे रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही. त्यांच्यासाठी योजनेच्या खिडकीपाशी पोचण्याआधी आणखी तीन कचेऱ्या असतात, आणि त्या प्रत्येक कचेरीतही पुन्हा ओळखच लागते.

अशा वेळी मी जामखेडकडे पाहते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथे गेले तेव्हा ते दोघे शिकलेले, परदेशातून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले डॉक्टर होते. त्यांनाही सगळं स्वतः करणं सोपं गेलं असतं. लोकांनी आधी औषध मागितलंच नाही. पाणी आणि अन्न मागितलं, आणि त्यांनी काम तिथून सुरू केलं. दुष्काळात कूपनलिका खोदल्या त्या अनेक गावांत दलित वस्तीत, म्हणजे सगळ्या गावाला पाण्यासाठी तिकडे यावं लागलं. शिकलेल्या नर्स खेड्यात रुजेनात, तेव्हा गावांनी आपल्यातल्याच बायका निवडून दिल्या. त्यांत दलित होत्या, निरक्षर होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावात जाऊन बाळंतपणं करायच्या, कुष्ठरोग आणि क्षय ओळखायच्या, मुलांची वजनं घ्यायच्या. ज्या बाईला सवर्णांच्या उंबऱ्याच्या आत घेत नव्हते तिला बाळंतिणीच्या खोलीत बोलावणं आलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. माझ्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात मोठं देणं हे की जे डॉक्टरच्या मुठीत होतं ते त्यांनी त्या बायकांच्या हाती दिलं आणि परत मागितलं नाही.

मी काय दिलं? समितीचं इतिवृत्त मी लिहीत आले, कारण माझं अक्षर चांगलं. तालुक्याला अर्ज मी लिहिते, कारण मला भाषा येते. अधिकाऱ्याशी मी बोलते, कारण तो मला "मॅडम" म्हणतो आणि तिला "ए, तिकडे बस" म्हणतो. यातलं प्रत्येक कारण खरं आहे. पण ही सगळी कारणं गेली इतकी वर्षं खरीच राहिली आहेत, तर मी नक्की काय बदललं? समितीला वर्षाला मिळणाऱ्या १०,००० रुपयांच्या निधीतून काय घ्यायचं, याची चर्चा कधीकधी माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या बघण्यात मला मान वाटला आहे. आपली गरज उरावी, असं मला आतून कुठेतरी वाटतं का? निवृत्तीनंतरच्या रिकामपणाला या कामाने अर्थ दिला, हे मी नाकारत नाही. पण माझ्या आयुष्याला अर्थ देणं हे पाड्यावरच्या बायकांचं काम नव्हे.

जामखेडसारखंच मी गडचिरोलीकडेही पाहते. तिथे अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली काम सुरू केलं. तिथल्या आदिवासींना मोठ्या रुग्णालयाच्या इमारतीचं भय वाटतं, आपल्या झोपड्यांसारखा दवाखाना असावा, नातेवाइकांना रुग्णापाशी राहता यावं, हे लोकांनीच सांगितलं आणि दवाखाना तसा बांधला गेला. नाव दिलं ते लोकांच्या देवीचं, दंतेश्वरीचं. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर इंजेक्शनंही दिली, आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. या कामाची चर्चा झाली की लोक आकड्यांपाशी थांबतात. मला त्या झोपड्यांचं जास्त वाटतं. आमच्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाची नवी इमारत झाली तेव्हा आम्ही तिची मागणी केली होती, पाठपुरावाही केला होता. रुग्णाबरोबर आलेली माणसं भाकरी कुठे करतील, हे आम्ही कुणाला विचारलं नाही.

आशांबद्दलही बोललं पाहिजे. गाव आणि दवाखाना यांना जोडणारं आज कुणी खरंच असेल तर ती आशाताई. सरकारी कागदावर ती स्वयंसेविका आहे, तिला पगार नाही, मोबदला आहे. तिने २०२१ साली संप केला, २०२३ साली पुन्हा केला, नंतर आझाद मैदानात ठाण मांडून बसली. लोकसहभागाची आमची सगळी इमारत अशा बायकांच्या स्वस्त वेळावर उभी आहे. मी समितीची बैठक दुपारी ठेवते तेव्हा मला काही गमवावं लागत नाही. महिन्याच्या एक तारखेला निवृत्तिवेतन बँकेत जमा होतं. समोर बसलेल्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. ती आली नाही की मी म्हणते, लोकांना स्वतःच्या आरोग्याची आस्था नाही. हे वाक्य मी बोलले आहे. बोलण्याआधी त्या दिवसाची मजुरी विचारली असती तर बोलले नसते.

आणि गाव म्हणजे तरी कोण? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. आमच्या जनसुनवाया हिवाळ्यात होतात, रस्ते चांगले असतात म्हणून. म्हणजे ज्यांची तक्रार सर्वांत मोठी ते तेव्हा गावात नसतात, आणि तक्त्यावर त्यांच्या वस्तीचाही रंग भरला जातो. भट्टीवर गरोदर बाईची नोंद कोण करणार? तिथली आशा म्हणते, ही आमच्या गावची नाही. इथली म्हणते, ती इथे नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं याहून भयंकर झालं. कोयत्याची उचल घेतलेली, खाडा केला तर दंड, फडात संडास नाही, पाळीच्या दुखण्याला विसावा नाही. हजारो बायकांची गर्भाशयं काढली गेली. २०१९ साली त्यावर ओरड झाली, राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, तेव्हा आपल्याला ते दिसलं. त्या बायका दर वर्षी आपल्याच रस्त्यांवरून बैलगाड्यांत, ट्रॅक्टरांत बसून जात होत्या. एकत्र येऊन काम करायचं म्हटलं की आपण गावाची हद्द धरून एकत्र येतो. हद्द ओलांडून पोट भरणाऱ्याला त्यात जागा राहत नाही.

एक गोष्ट मी शेवटपर्यंत मागे ठेवत आले. मी स्वतः कुठे जाते? माझ्या यजमानांना हृदयाचा त्रास झाला तेव्हा आम्ही शहरातल्या खासगी रुग्णालयात गेलो. सुनेची बाळंतपणं तिथेच झाली. मी स्वतः रक्तदाबाच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून घेत आले. त्याच गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, त्या मिळाव्यात म्हणून मी भांडले आहे. ज्या दवाखान्यासाठी मी बैठका घेते, त्याची पायरी मी रुग्ण म्हणून कधी चढले नव्हते. तहसीलदार, शिक्षक, सरपंच, पतसंस्थेचे संचालक, आमच्यापैकी कुणीच नाही. मग तिथे सकाळी डॉक्टर वेळेवर आले नाहीत तर ते आमच्या घरात जाणवत नाही. जाणवतं ते अहवाल भरताना. ज्या दवाखान्यात फक्त गरीब जातो तो दवाखानाही गरीबच राहतो, हे मी भाषणात बोलले आहे. त्यातून सुटका करून घेतलेल्यांत मी आहे, हे भाषणात येत नाही.

यातलं काही माझ्या हातात आहे. गोळ्यांसाठी मी केंद्रात जायला लागले आहे. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, गोळ्या संपल्या असतील तर तशी नोंद तक्रारवहीत स्वतःच्या नावाने करायची. तिथे मला लोक "बाई, तुम्ही पुढे जा" म्हणतात आणि जागेवर बसून राहणं मला अजून अवघड जातं. समितीचं इतिवृत्त आता पाड्यावरची सातवी शिकलेली मुलगी लिहिते. हळू लिहिते, बैठक लांबते. पुढची जनसुनवाई दिवाळीच्या आधी घ्या, भट्टीवाले जाण्याआधी, असा आग्रह मी धरला आहे. त्या दिवसांत भात कापणीला आलेलं असतं आणि बाकीच्यांना मोकळीक नसते, म्हणून तारीख ठरत नाही. फोन आला की मी आता फोन करतेच, पण दोन जणींना बरोबर घेते आणि सकाळी त्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात त्यांनाच बोलायला लावते. खाट का नाकारली, कुणी नाकारली, किती वाजता नाकारली, हे लिहून घेतलं जातं, आणि ज्याचा कुणी नाही त्याचंही लिहून घ्यायला आम्ही सुरुवात केली आहे. मागच्या वेळी दारात उभ्या असलेल्या एका परक्या माणसाला त्यातल्या एकीने आपणहून विचारलं, "तुमचं काय झालं?" तो मराठवाड्यातला होता. त्याचा अर्ज तिने भरला.

यजमानांना पुन्हा तसाच त्रास झाला तर मी ग्रामीण रुग्णालयात नेईन का? आज तिथे हृदयरोगाचा डॉक्टर नाही, तेव्हा नेणार नाही. मग तिथे तो डॉक्टर असावा म्हणून मी तेवढ्याच जिवाच्या आकांताने भांडते का, जेवढ्या आकांताने त्या रात्री शहराची गाडी शोधली होती? नाही. अजून नाही.